सव्वासहाची गोळी

हुपरीत कारागिराच्या हाताला नजर लागते म्हणतात.
आप्पांच्या उजव्या हाताला लागली तेव्हा
आईनं मीठ-मोहरी उतरून चुलीत टाकली.
मोहरी तडतडली.
हात मांडीवर थरथरतच राहिला.

पंचेचाळीस वर्षं पैंजणाच्या कड्या जुळवल्या त्यांनी,
तांदळाच्या कणीएवढा डाख
फुंकणीच्या आचेवर वितळवत, श्वास धरून.
आता अंगठ्यात एक घुंगरू आपोआप वाजतं,
गिऱ्हाईक नसताना, सण नसताना.
काम हातात घेतलं की जरा थांबतं.
निवांत बसले की सुरू.

खरं तर ते आधीच सांगत होतं कुणीतरी.
गॅस गळत होता, अख्ख्या गल्लीला वास आला, आप्पांना नाही.
झोपेत ओरडायचे, लाथ मारायचे;
आई म्हणायची, उधारीवाला आला असंल सपनात.
वहीतलं अक्षर बारीक होत होत मुंगीएवढं झालं.
आम्ही म्हटलं, म्हातारा कागद वाचवतोय.

राजारामपुरीत, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद,
शिरगुप्पे डॉक्टरीणबाईंनी त्यांना चालायला लावलं,
टिचक्या वाजवायला लावल्या,
मनगट फिरवून बघितलं.
दातेरी चाक फिरवल्यासारखं ते अडकत अडकत वळलं.

मग कागदावर मेंदू काढला. अक्रोडासारखा.
बुडाशी पेनानं काळं केलं:
"इथं काळसर पेशींची पट्टी असते.
डोपामिन नावाचं रसायन बनवतात त्या.
हातानं कधी निघायचं, कधी थांबायचं,
ते त्यावर ठरतं. त्या पेशी मरायला लागल्यात."
"म्हंजे मुशीत चांदीच कमी पडाय लागली?"
"चांदी आहे आप्पा. डाख संपत आलाय."

त्यावर ते पहिल्यांदा मान हलवून हो म्हणाले.
नजर, शनी, कर्म, ॲसिडचा धूर,
चार वर्षं ज्याला त्याला विचारून झालं होतं.
बाई म्हणाल्या, एक प्रथिन चुकीचं दुमडतं,
पेशीत त्याच्या गाठी होतात.
का दुमडतं, ते पुरतं कुणालाच ठाऊक नाही.
"आणि मेलेल्या पेशी?"
"परत येत नाहीत."
खिडकीखाली केळीवाल्याची गाडी होती.
आप्पांनी बराच वेळ केळी मोजली.

गोळीत डोपामिन नसतं, त्याचा कच्चा माल असतो.
तयार माल मेंदूच्या वेशीवर अडवतात,
कच्चा आत सोडतात. जकात नाक्यासारखं, मी म्हटलं.
दुधातल्या प्रथिनालाही त्याच दारानं जायचं असतं,
म्हणून गोळीबरोबर दूध नाही.
हे मात्र जिव्हारी लागलं.
कोल्हापूरला आलं की गंगावेशीत उभं राहून
म्हशीचं धारोष्ण दूध, मिशीला फेस,
हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम.
"घ्या की," बाई म्हणाल्या, "तासभर सोडून घ्या."
तासभर आम्ही रंकाळ्यावर बसलो.
शेंगा घेतल्या. सोलल्या मी.

आता उंबऱ्याशी पाय जमिनीला चिकटतात.
ओढलं तर पडतात.
आईनं फरशीवर खडूच्या आडव्या रेघा मारल्यात;
रेघ दिसली की ती ओलांडायला पाय उचलतो.
सपाट फरशीवर नाही उचलत.
गोळीनंही नाही, एवढं ते रेघेनं होतं.
असं का, हे बाईंनी सांगितलं होतं.
मी विसरले.

सव्वासहाला गोळी. सातला हात मोकळे.
परवा त्या वेळेत चिमटा मागितला.
एक कडी जोडली. वाकडी बसली.
"मोड," म्हणाले, "वजनात धरतील."
मी मोडली, त्यांच्यासमोर.
धंद्यात लाड नाहीत, हे त्यांच्याकडूनच शिकले.
आठला दुसरी घेतली.
डाख पसरला, पण कडी मिटली.
तिच्यावरून नख फिरवत राहिले.

पावणेदहाला अंगठा पुन्हा वाजायला लागला.
पुढची गोळी अकराला.